काठाकाठानं: मामा तलावावरची पहाटेची डोंगाफेरी, पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

डिसेंबरात पहाटे सहाला आमच्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की तलाव दिसतच नाही. दिसते ती धुवारी, म्हणजे धुकं, पाण्यावर अंथरल्यासारखी. आवाज तेवढे येतात. वारकरी पक्ष्यांची कुरबुर, टिबुकलीची थरथरती हाक आणि मधूनच लाकडावर बांबू घासल्याचा कोरडा आवाज. तो आला की समजायचं, ढिवर भाऊ, म्हणजे आमचे मासेमार, जाळं काढायला निघाले.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, एका खेड्यात मास्तर आहे. दर हिवाळ्यात नागपूर-पुण्याकडचे नातेवाईक, जुने विद्यार्थी, त्यांचे मित्र येतात आणि डोंग्यात, म्हणजे इथल्या लहान नावेत, बसायचं म्हणतात. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं बोटीत फिरून आलेले असतात, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं त्यांना वाटतं. पण इथलं पाणी वेगळं, डोंगा वेगळा आणि तो चालवणाऱ्या माणसाची सकाळही वेगळी. दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

मी पहिल्यांदा बसलो तेव्हा डोंगा चालवणाऱ्या ढिवर भाऊंना म्हटलं होतं, जरा मध्यावर न्या ना. बांबू न थांबवता ते म्हणाले, "मंधात काय हाये गुरुजी? पानीच पानी. जे हाये ते काठालेच हाये." पुढं जे सांगतो आहे ते बहुतेक या एका वाक्यातूनच निघालेलं आहे. उथळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचतो, म्हणून वनस्पती काठाला. वनस्पतीत किडे आणि माशांची पिल्लं, त्यांच्यामागे मोठे मासे आणि पक्षी. शिवाय काठाला डोंगा कलंडलाच तर बहुतेक ठिकाणी पाणी कमरेएवढं असतं. पाहण्याच्या दृष्टीनं आणि जिवाच्या दृष्टीनं, दोन्हीकडून काठच बरा.

कुठल्या पाण्यावर जायचं

सुरुवात मामा तलावापासून करा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं धानासाठी हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे होते आणि १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली तशी सरकारकडे आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. आमच्याकडे तर दोन गावांमध्ये एक तलाव हमखास. लहान तलावाचा फायदा असा की वाऱ्याला पळायला मोकळी जागा कमी मिळते, म्हणून लाटा मोठ्या होत नाहीत.

नवेगावबांध हा यातला थोरला. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं सांगतात. भोवती डोंगर, डोंगरावर जंगल. १९७५ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. राष्ट्रीय महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून वडशाच्या रस्त्याला लागलं की नवेगाव येतं. पाहायला जरूर जा, पण तिथं पाण्यावर उतरायचं तर वन विभागाचे नियम लागतात. चौकशी आधी करा, तिथं पोचल्यावर नाही.

गाढवी नदीवरचं इटियाडोह आणि वैनगंगेवरचं गोसीखुर्द ही धरणं पहिल्या फेरीची जागा नव्हे. पाण्याचा पसारा एवढा की दुपारचा वारा तिथं खऱ्या लाटा उठवतो. धरणाच्या बुडीत भागात वाळकी झाडं पाण्यातच उभी असतात. काहींचे खुंट पाण्याखाली चार बोटांवर असतात आणि धडक बसेपर्यंत कळत नाहीत. धरणाच्या खालच्या अंगाला नदीत तर दारं उघडली की पाणी बघता बघता चढतं.

समुद्राची सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट. इथं भरती-ओहोटी नाही, पण काठ हलतो. पावसाळ्याच्या शेवटी तलाव पाळीला टेकतो. ऑक्टोबरात पावसानं दडी मारली की धानासाठी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडतात, पाणी नहरात जातं आणि काठ मागे सरकतो. उन्हाळी धान असेल तर फेब्रुवारीपर्यंत शेदोनशे पावलं गाळ उघडा पडतो. म्हणजे गेल्या वर्षी जिथून डोंग्यात बसलात तिथं या वर्षी चिखल असू शकतो. दर वेळी नव्यानं विचारायचं.

कधी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. थंडीचे पाहुणे पक्षी तेव्हाच असतात आणि पाणीही पुरेसं असतं. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीचं भय. आमच्याकडे वीज फार पडते आणि उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की जवळच्या काठाला लागायचं. ढग अजून लांब आहे, असा हिशेब करत बसायचं नाही. पावसाळ्यात अजिबात नाही.

वेळ पहाटेचीच, आणि ती केवळ सूर्योदयाच्या फोटोसाठी नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यावरची हवा जड होऊन बसून राहते, म्हणून पहाटे वारा पडलेला असतो. ऊन तापलं की हवा ढवळते आणि साधारण नऊनंतर वारा सुटतो. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला पाळीवर, साडेसहाला डोंग्यात, पावणेनऊपर्यंत परत, असा बेत ठेवा.

धुवारीबद्दल मात्र घाई नको. रात्रीच्या गारठ्यात हवेपेक्षा पाणी ऊबदार असतं, त्याची वाफ वर आली की थंड हवेत लगेच धुकं होतं, म्हणून ती पाण्यालाच चिकटून असते. पाळीवर उभं राहून पन्नास पावलांवरचं झाड ओळखता येत नसेल तर डोंगा सोडायचा नाही. शेकोटीपाशी बसा. आठच्या सुमारास धुवारी फुटते आणि तेव्हा तलाव जसा एकेक तुकडा करून उघडतो ते पाळीवरूनच बघण्यासारखं असतं.

डोंगा कुणाचा, बोलणी कशी

तलावात मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर बांधवांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. आधी संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा. गावात विचारलं की घर कुणीही दाखवतं. कुणाला न विचारता काठाला बांधलेला डोंगा सोडून नेणं ही आमच्याकडे मोठी आगळीक समजतात, आणि ती आहेच. तो डोंगा म्हणजे त्या घराचं पोट आहे.

पैशाचं बोलणं आदल्या दिवशी मोकळेपणानं करा. तुम्हाला फिरवायचं तर भाऊंचं त्या सकाळचं काम मागे पडतं. जाळी उशिरा निघतात, मासळी बाजाराला उशिरा पोचते आणि भाव पडतो. तेवढं भरून निघेल आणि वर मेहनतीचं राहील अशी रक्कम असावी. घासाघीस करू नका. धुवारीनं फेरी झालीच नाही तरी ठरल्यातले निम्मे द्या, कारण ते पहाटे चारपासून उठलेले असतात. आणि मासेमारी करता करताच नेता का, असं विचारून पाहा. माझ्या मते तीच खरी फेरी. तुम्ही कोपऱ्यात गप्प बसायचं, ते त्यांचं काम करणार.

वयानं मोठ्यांना भाऊ किंवा मामा म्हणा. अरे-तुरे नको.

डोंगा पाहून घ्या

पूर्वी एका खोडातून कोरलेले डोंगे असत, अजून एखादा दिसतो. त्याचा तळ गोल, म्हणून जरा हललं की डुलतो. नवख्यानं त्यात बसू नये. फळ्यांचा, सपाट तळाचा डोंगा उत्तम. टिनाचेही डोंगे असतात. ते हलके असतात, पण पाणी भरलं की सरळ तळाला जातात. त्यात टोपण घट्ट लावलेले दोन रिकामे डबे दोरीनं बांधलेले असावेत. थर्माकोलचे ठोकळे किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून काही पोरं जाळी टाकतात. ते त्यांच्या हाताचं काम आहे, पाहुण्यांनी त्यावर चढायचं नाही.

आदल्या दिवशी उजेडात तीन गोष्टी बघा. डांबर भरलेल्या सांध्यांतून पाणी झिरपतं का? थोडं झिरपणारच, पण ते उपसायला डबा हवा. दुसरं, बांबूखेरीज एक वल्हं आहे का? खोल जागी बांबू तळाला लागत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. किती माणसं बसतात असं विचारू नका. सगळे बसल्यावर पाणी आणि डोंग्याची कड यांत किती अंतर उरतं ते पाहा. वीतभर कोरडी कड राहिली पाहिजे. राहत नसेल तर एक माणूस उतरवा, तो कितीही मानाचा पाहुणा असला तरी.

२०२१ च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून अकरा माणसं गेली. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या सहा बायाबापड्या वैनगंगेत गेल्या. त्या मजुरीला निघाल्या होत्या, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. आपण हौसेनं चाललो आहोत; आपल्याला काळजी न घेण्याचं एकही कारण नाही.

म्हणून लाईफ जॅकेट. ते गावात मिळणार नाही, शहरातून विकत किंवा भाड्यानं आणा. प्रत्येकाला एक, आणि एक जादा डोंगेवाल्या भाऊंसाठी. ते म्हणतील, आम्हाले काय कराचं? तरी द्या. आत किती किलोच्या माणसासाठी ते लिहिलेलं असतं, ते वाचा. बापाचं जॅकेट पोराला चालत नाही. घातल्यावर सगळे बंद आवळा आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते ढिलं आहे. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि जॅकेट अंगात घालायचं असतं, मांडीखाली उशी म्हणून नाही. हे मी दर वर्षी कुणाला तरी सांगतो.

अंगात काय, पिशवीत काय

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो आणि पाण्यावर त्याहून जास्त झोंबतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला; ऊन चढलं की काढता येतात. कानाला मफलर. रंग मातकट, हिरवट. पांढरा आणि लाल नको, पक्षी लांबूनच उठतात. पायात जुनी कापडी चप्पल किंवा सरळ अनवाणी. गमबूट घालून डोंग्यात बसू नका, पाण्यात पडलात तर ते भरतात आणि पाय खाली ओढतात. साडी नेसणाऱ्या बायांना मी सलवार-कुर्ता सुचवतो, निदान पदर कमरेला घट्ट खोचलेला हवा.

फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि पिशवी गळ्यात. ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळ्यांना तोंडपाठ असू द्या. दुर्बीण असेल तर आठपट मोठं दाखवणारी घ्या. दहापटीची डोंग्यात हलते आणि डोकं दुखतं. पाण्याची बाटली, कोरडा टॉवेल, मूठभर फुटाणे. वेफर्सची पाकिटं आणू नका. ती वाऱ्यानं उडतात आणि महिनाभर बेशरमाच्या झुडपांत अडकून राहतात.

पाळीवर पोचल्यावर

जंगलालगतच्या तलावावर पहाटे तुम्ही एकटेच नसता. अस्वलं पाणी प्यायला येतात, मोहाच्या दिवसांत तर हमखास. रानहत्तींचा कळपही २०२१ पासून गडचिरोलीकडे आहे आणि आमच्या तालुक्यातही फिरून गेला आहे. आदल्या संध्याकाळी गावात विचारून घ्या, कुणाला काही दिसलं का. पाळीवर टॉर्च लावून, आपसांत बोलत चाला. गप्प राहायचं ते पाण्यावर गेल्यावर.

चढणं आणि बसणं

बहुतेक अपघात पाण्यात नाही, चढता-उतरताना होतात. भाऊ डोंगा काठाला आडवा लावतील आणि बांबू गाळात रोवून धरतील. ते "या" म्हणेपर्यंत थांबा. एका वेळी एकच जण. दोन्ही हात मोकळे. पिशव्या आधी आत द्या. पाय टाकायचा तो डोंग्याच्या बरोबर मधोमध, कडेवर नाही. टाकला की लगेच वाकायचं, दोन्ही कडा धरायच्या आणि बसून जायचं. तुम्ही बसलात की मग दुसरा.

बसायचं तळावर, पाय लांब करून किंवा मांडी घालून. जितकं खाली बसाल तितका डोंगा स्थिर. बूड थोडं ओलं होतं, त्यासाठी गोणपाट घेऊन जा. समोरासमोर माणसं तोलून बसवा. मग पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. डोंगा डुलेल, तुम्ही घाबरून उलट बाजूला झुकाल, तो आणखी डुलेल. झुकू नका. कंबर सैल सोडा, डोंग्याला हलू द्या. थोड्या वेळानं अंगाला ते आपोआप समजतं.

उभं राहायचं नाही, हे मला एका सकाळी फार जवळून कळलं. माझा मावसभाऊ नागपूरहून आला होता. समोरच्या बाभळीवर एकदम पंधरा-वीस पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसले आणि फोटोसाठी तो उठला. नुसता गुडघ्यावर झाला, पुरता उभाही नाही. डोंगा कलंडला, बर्फासारखं पाणी कडेवरून माझ्या मांडीवर आलं. भाऊंनी तोंडातून शब्द न काढता बांबू गाळात खुपसला आणि आपलं सगळं वजन दुसऱ्या बाजूला टाकलं. डोंगा सावरला. मग ते एवढंच म्हणाले, "खाली बसा." पुढचा अर्धा तास माझे हात थरथरत होते. तेव्हापासून निघण्याआधी मी प्रत्येकाकडून कबूल करून घेतो, वाघ दिसला तरी उठायचं नाही.

फेरी

पहिलं काम, वारा कुठून आहे ते पाहा. हिवाळ्यात तो बहुधा ईशान्येकडून असतो. पडलेला वाटला तरी शेकोटीचा धूर कुठं वाकतो ते दिसतं. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीशी घ्या. सगळे थकलेले असताना परत येणं सोपं झालं पाहिजे.

दुसरं, उजेड. सकाळी सूर्य पाठीमागे राहील असं पाहायचं, म्हणजे पश्चिमेचा काठ धरायचा. पूर्वेकडे पाहिलं तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि नवखे म्हणतात, सगळी बदकंच आहेत. वारा आणि उजेड यांचा मेळ बसत नसेल तर वाऱ्याचं ऐका.

काठापासून दहा-पंधरा हात अंतर ठेवून डोंगा सावकाश जातो. ढिवर भाऊ बांबू टाकतात त्याचा आवाजही होत नाही. टोक पाण्यात तिरपं जातं, तळाला टेकतं, अंगाचा भार पडतो, आणि निघताना बांबूवरून पाणी ओघळतं तेवढीच टपटप. थोडं वाकून पाहा, पाण्याखाली जंगल असतं. पाणवनस्पतींच्या शेपट्या, त्यांत उभे-आडवे सरकणारे काडीएवढे मासे. काही तलावांत शिंगाड्याची लागवड असते. त्याच्या पानांवरून डोंगा नेऊ नका, ते कुणाचं तरी पीक आहे.

कमळाच्या आणि पोयणीच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा तो कमळपक्षी. जांभळ्या अंगाची, लाल चोचीची, शेपटी झटकत गवतात शिरणारी ती जांभळी पाणकोंबडी. काळा, कपाळाला पांढरा टिळा, तो वारकरी. नाव त्या टिळ्यावरूनच पडलं. डोक्याला दोन काळे पट्टे असलेला राखी हंस दिसला तर आवाज न करता बघत राहा. तो पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेला. अडई शिट्टी घालत डोक्यावरून जातात, चोचीला पिवळं टोक असलेलं ते हळदीकुंकू बदक. पहिल्या फेरीत पाच ओळखले तरी पुष्कळ. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यांचं समोरचं निसटतं.

पक्ष्यांच्या जवळ किती जायचं, याला हातांत मोजलेलं अंतर नाही. ते पक्षीच सांगतात. थवा चरत असतो तेव्हा माना खाली असतात. एक मान वर झाली की बांबू थांबवायला सांगा. सगळ्या माना वर झाल्या की तुम्ही आधीच जास्त जवळ आलात, मागे सरका. थवा उठवून उडतानाचा फोटो काढणारे लोक मला मनापासून खटकतात. पट्टकादंबासारख्या पाहुण्यांना मार्चमध्ये पुन्हा हिमालय ओलांडायचा असतो. इथं खाल्लेल्या दाण्यादाण्यावर तो प्रवास असतो, आणि आपण एका चित्रासाठी तो उधळतो. सारस दिसले तर भाग्य समजा. महाराष्ट्रातले जवळपास सगळे सारस गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि तेही मोजके. त्यांच्याकडे डोंगा वळवायचाच नाही.

काठाच्या खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, चकाकणारी विष्ठा दिसली तर तिथं पाणमांजरांचं येणं-जाणं आहे. ती स्वतः दिसली नाहीत तरी नाराज होऊ नका. मला इतक्या वर्षांत तीनदाच दिसली.

मग जाळी येतात. आदल्या संध्याकाळी टाकलेली, वर प्लास्टिकच्या बाटल्यांची किंवा थर्माकोलची तरंगती खूण. भाऊ बांबू आडवा ठेवतात, जाळ्याची वरची दोरी दोन बोटांत धरतात आणि डोंगा जाळ्याच्याच आधारानं पुढे सरकतो. या वेळी कुणी हात घालू नये; ओलं जाळं बोटाला कापतं आणि काही माशांचे काटे विषारी दुखतात. मध्येच ते थांबतात, जाळं कानाजवळ नेल्यासारखं करतात. खाली काही फडफडतंय का, ते दोरीतून हाताला कळतं. मग एखादा रोहू येतो, तांबूस परांचा, आणि त्याच्या अंगावर जाळ्याच्या चौकटी उमटलेल्या असतात. तो सोडवताना भाऊंचा अंगठा कल्ल्यामागून असा फिरतो की एक धागा तुटत नाही. मी कितीदा पाहिलं, अजून ते मला नीट समजलेलं नाही.

रोहू, कतला, मृगळ ही संस्थेनं सोडलेली बीजं. मरळ, झिंगे हे तलावाचे मूळचे. जुने देशी मासे कमी झाले, असं सगळेच ढिवर सांगतात. काही गावांत ढिवर बायांनी उन्हाळ्यात तलावाच्या तळात देशी पाणवनस्पती लावल्या, बेशरम उपटला. तिथं मासे आणि पक्षी दोन्ही परत आले. अशा तलावावर गेलात तर त्या बायांना भेटल्याशिवाय येऊ नका.

डोंगा उलटलाच तर

निघण्याआधी हे सगळ्यांना एकदा मोठ्यानं सांगा, मुलांनाही.

थंड पाण्यात पडलं की धाप लागते आणि तोंड आपोआप उघडतं. पहिलं मिनिट फक्त तोंड वर ठेवायचं आणि श्वास सांभाळायचा. जॅकेट वर धरून ठेवतं. मग डोंग्याकडे या आणि त्याला धरून राहा. लाकडी डोंगा उलटा झाला तरी तरंगतो. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका, पाण्यावर अंतर फसवतं. पाणी छातीपर्यंत असेल तर उभे राहा, पण गाळात पाय रुतले तर झटके देऊ नका. जितकं ओढाल तितके रुततील. पाठीवर किंवा पोटावर आडवे होऊन पाय हळूहळू सोडवा. पाणवनस्पतींत अडकलात तरी तेच. पाय मारू नका, हातानं वेल अंगावरून सरकवत चला. आणि एकमेकांना मोजा, मोठ्यानं, नाव घेऊन.

वर आल्यावर ओले कपडे लगेच काढायचे, कोरडं पांघरायचं, शेकोटीपाशी बसवायचं. दारू देऊ नका, तिनं अंगातली ऊब उलट लवकर जाते.

परत आल्यावर

उतरताना क्रम उलटा: काठाजवळचा आधी, बाकीचे बसलेले. इथंच घाई होते, कारण चहा दिसत असतो. भाऊ बांबू रोवेपर्यंत हलू नका.

पैसे तिथंच, हातात, ठरल्याप्रमाणे. मासळी हवी असेल तर वजन करून बाजारभावानं घ्या. "एक असाच द्या ना" म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत. भाऊ नाही म्हणत नाहीत, म्हणून आपण मागायचं नाही. काढलेले फोटो त्यांना दाखवा, शक्य असेल तर पुढच्या खेपेला छापून आणा. आमच्याकडच्या दोन-तीन घरांच्या भिंतीवर असे फोटो आहेत, डोंग्यात उभे असलेले भाऊ आणि मागे धुवारी.

जॅकेटं झाडाच्या सावलीत वाळत घाला, कडक उन्हात कापड कुजतं. तोवर नऊ वाजून गेलेले असतात. तलावाच्या मध्यावर पाणी खरखरीत दिसू लागतं, वारा सुटलेला असतो. भाऊंची बायको पाळीवर बसून मासळी निवडत असते, मोठी एका टोपल्यात, बारीक दुसऱ्यात, आणि झिंगे पळसाच्या पानावर वेगळे. ते घरी रांधायचे.